बिनसोडियमचं पाणी

तिच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं संस्थेतले लोक म्हणायचे. साफ खोटं. शेंड्यावर असता तर एखाद्या शिंकेबरोबर तरी उडून गेला असता. तिचा राग आतला होता, घरमालकासारखा ऐसपैस राहणारा. झोप, भूक, हसू ही मंडळी त्याच्याकडे भाड्यानं राहायची, आणि त्यानं डोळे वटारले की गुपचूप जागा खाली करायची. लहानपणी खेळात कुणी 'आऊट' म्हटलं की ती अशी पेटायची, की वडिलांनी तिचं नावच काडेपेटी ठेवलं. पुढे ती मेंदूवर संशोधन करणारी शास्त्रज्ञ झाली, नावामागे डॉक्टर लागलं, केस पिकले, तरी काडेपेटी काही सुटली नाही. एकदा आईनं प्रयोगशाळेत फोन करून विचारलं, आमची काडेपेटी आहे का हो तिथं? झालं. त्या दिवसापासून सगळ्या संस्थेनं ते नाव उचललं. अर्थात तिच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप होती?

आता हा राग कशाचा, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगाचच भांडकुदळ.

तिची आई आजारी होती. ताप नाही, खोकला नाही, कुठं सूज नाही. ती फक्त भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. रडायची नाही, चिडायची नाही, कुणाला काही मागायची नाही. महिना महिना बरी असायची, स्वयंपाक करायची, शिवणयंत्रावर बसायची, आणि मग एके दिवशी सकाळी उठायचीच नाही. शाळेतून आलेली मुलगी दप्तरासकट पलंगाच्या कडेला बसायची आणि आईच्या पाठीशी बोलायची. कुणी तिची पेन्सिल घेतली, कुणाला बाईंनी बाकावर उभं केलं, गणितात कुठं गफलत झाली, सगळं. त्या पाठीला तिच्या शाळेतलं जेवढं माहीत होतं, तेवढं तिच्या मैत्रिणींनाही नव्हतं. पाठीनं उत्तर मात्र कधी दिलं नाही.

घरात आत्या होती. आत्याचा स्वभाव म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. हिला काय धाड भरलीये, ती म्हणायची, आयतं बसून मिळतंय म्हणून ही थेरं. मन रमव म्हणावं, चार माणसांत बस म्हणावं. हे सगळं दाराच्या चौकटीत उभं राहून, आईला नीट ऐकू जाईल अशा बेतानं. एके दिवशी काडेपेटीनं पाण्याचा ग्लास उचलला आणि आत्याच्या दिशेनं भिरकावला. कपाळाला टेंगूळ आलं. घरात हलकल्लोळ माजला. वडील बस डेपोत मेकॅनिक होते, ग्रीसनं माखलेले हात घेऊनच घरी आले. सगळ्यांना वाटलं आता पोरीची धडगत नाही. ते तिला घेऊन डेपोत गेले, बंद पडलेल्या एका बसपाशी उभं केलं आणि म्हणाले, "गाडी बंद पडली की आम्ही तिला मन रमव म्हणतो का गं? बॉनेट उघडतो." वडील फार बोलणारे नव्हते. पण तेवढं वाक्य तिला आयुष्यभर पुरलं.

तिनं बॉनेट उघडायचं ठरवलं. त्यासाठी ती शिकली, रात्रंदिवस घासली, लोकांशी भांडली आणि शेवटी स्वतःची प्रयोगशाळा मिळवली.

आत काय दिसलं, ते तिच्याच भाषेत सांगण्यासारखं आहे. ती नवीन विद्यार्थ्यांना सांगायची, मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे बारीकशी फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, म्हणजे बोलते. पलीकडच्या पेशीवर रिसेप्टर असतात, ते रसायन झेलतात, म्हणजे ती ऐकते. पण बोलून झालेलं सगळं तिथंच पडून राहिलं तर नुसता गलका होईल. म्हणून ते रसायन उचलून परत आत न्यायला दारात एक प्रथिन बसलेलं असतं. तो ट्रान्सपोर्टर. सगळे विद्वान रिसेप्टरवर लट्टू आहेत, ती म्हणायची, ऐकणाऱ्याचं कौतुक जगात सगळीकडे होतं, मागची आवराआवर करणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. तिनं हट्टानं ट्रान्सपोर्टर धरला, आणि त्यातही सेरोटोनिन उचलणारा, कारण डॉक्टरांनी पुढे आईला सुरू केलेल्या गोळ्या त्याच्यावरच काम करायच्या. गोळी त्या ट्रान्सपोर्टरला अडवते, सेरोटोनिन फटीत जरा जास्त वेळ रेंगाळतं, आणि माणसाला हळूहळू उठावंसं वाटतं.

आईला त्या गोळ्यांनी अर्धं बरं वाटायचं. अर्धं म्हणजे उठायची, आंघोळ करायची, खिडकीशी बसायची. शिवणयंत्रावर झाकलेलं कापड काही निघालं नाही. वडील गेले, आत्या गेली, आई म्हातारी झाली, लेकीकडे राहायला आली, आणि तशीच अर्धी राहिली. मधे एकदा कुणा नातेवाइकानं शहाणपणा शिकवला, की गोळ्यांची सवय लागते, बंद करून बघा. बंद केल्या. त्यानंतर आईला जिथं खिडक्यांना जाळ्या असतात अशा दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या नातेवाइकाला काडेपेटी जे बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि मग ते नवं रसायन सापडलं.

त्याचं कौतुक कळायला एकच गोष्ट लक्षात ठेवायची. हा ट्रान्सपोर्टर फुकट राबत नाही, त्याला सोडियम लागतं, आपल्या मिठात असतं ते. जुन्या गोळ्यांनाही तसंच. सोडियम असेल तरच त्या ट्रान्सपोर्टरला घट्ट धरतात. सोडियम काढून घेतलं की पकड सुटते. म्हणून तिच्या प्रयोगशाळेत एक खास पाणी बनवलं जायचं, बिनसोडियमचं. ट्रान्सपोर्टर असलेल्या पेशी त्या पाण्यात ठेवायच्या, वर औषध घालायचं, मग धुऊन काढायचं आणि किती चिकटून राहिलं ते मोजायचं. जुनी औषधं धुऊन जायची. हे नवं रसायन गेलं नाही. पाण्यात सोडियम नसूनही ते चिकटून बसलं. याचा अर्थ ते ट्रान्सपोर्टरला वेगळ्याच ठिकाणी, वेगळ्याच तऱ्हेनं धरत होतं. जुन्या गोळ्यांनी जे अर्धेच बरे झाले, त्यांच्यासाठी नवा रस्ता उघडला होता.

हा प्रयोग जिनं केला ती तिची विद्यार्थिनी. इतकी हळू बोलायची की प्रयोगशाळेत तिला हळूबाईच म्हणायचे. त्या दिवसांत आई दवाखान्यात होती आणि काडेपेटीची नुसती पळापळ चालली होती. हळूबाईनं एकटीनं सगळं केलं. निकाल बघून काडेपेटी खुर्चीतून उठली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही तरी चांगलं बोलली. प्रयोगशाळेतल्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. तिथं झाकण उघडं राहिलं म्हणून माणसं रडली होती. वापरलेल्या सुया चुकीच्या खोक्यात टाकल्या म्हणून एकाचा इतका उद्धार झाला होता, की त्यानं दुसऱ्या दिवशी विषय बदलला. तिथं खांद्यावर हात म्हणजे दुधात साखरच.

पुढचं भराभर झालं. शोधनिबंध छापून आला, त्यावर काडेपेटीचं नाव. संस्थेचे संचालक गुळगुळीत गृहस्थ, भांडण म्हणून कधी माहीत नाही, सगळं गोड बोलून करणारे. त्यांनी भाषणं केली, फोटो काढले. उंदरांवर तपासण्या झाल्या. उंदरांना औषध पचलं, ते जरा हुशारही झाले. आता उंदीर काही बोलून दाखवत नाहीत, की हे जुन्यापेक्षा वेगळं वाटतंय बुवा. मग माणसांवरची चाचणी ठरली, अर्धे बरे झालेल्या रोग्यांसाठी. आईचं नाव तिच्या मानसोपचार डॉक्टरांनी घातलं. अट एवढीच, की आधी काही आठवडे जुनी गोळी बंद करायची, म्हणजे नव्या औषधाचा गुण निर्भेळ दिसेल.

जुनी गोळी बंद म्हटल्यावर काडेपेटीनं साफ नको म्हटलं. पण आई ऐकेना. आईला जन्मात पहिल्यांदा कशाची तरी घाई झालेली होती. दूधवाल्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, माझ्या लेकीचं औषध येतंय. तिच्याकडे गोळ्यांची वारांप्रमाणे खण असलेली डबी होती. ती डबी तिनं घासूनपुसून खिडकीत उन्हाला वाळत घातली. नवीन गोळ्यांना जुन्यांचा वास नको, म्हणाली. सोमवारपासून जुनी गोळी सुटणार होती.

काडेपेटीनं ठरवलं, तो प्रयोग एकदा आपल्या हातानं करायचा. शंका म्हणून नव्हे. आईच्या तोंडात जायचंय, आधी आपण चाखून बघावं, इतकंच. सगळ्यांना बाजूला सारून तिनं बाटल्या विसळण्यापासून सुरुवात केली. पाणी बनवलं, पेशी काढल्या, रसायन घातलं, धुतलं, मोजलं.

काही राहिलंच नव्हतं. जुन्या औषधांसारखंच सगळं धुऊन गेलं होतं.

तळपायाची आग मस्तकाला गेली. पेशी कुणी बिघडवल्या, यंत्र कुणी हलवलं, फ्रीज कुणी उघडा टाकला, सगळ्यांची नावं घेऊन झाली. पेशी नवीन आणल्या, यंत्र तपासलं, पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग तिनं हळूबाईला बोलावलं आणि माझ्यासमोर कर म्हणून सांगितलं.

हळूबाई हळूहळू सगळं करत गेली. वजनं बरोबर, मापं बरोबर, हात स्वच्छ. पाणी तयार झालं की शेवटी त्याची आम्लता जुळवायची असते, मीटर बघत बघत अल्कलीचे थेंब टाकायचे. मीटरशेजारी एक मोठी बाटली असते. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत जा, मीटरशेजारी तीच बाटली असणार, कारण शंभरातल्या नव्वद कामांना तीच लागते. हळूबाईनं ती उचलली आणि थेंब टाकायला लागली. ती बाटली कॉस्टिक सोड्याची होती.

"कॉस्टिक सोड्यात काय असतं?" काडेपेटीनं विचारलं.

"सोडियम," हळूबाई म्हणाली, आणि ड्रॉपर खाली ठेवला.

बिनसोडियमच्या पाण्यात सोडियम. आईच्या जेवणातलं मीठ काढायचं आणि मिठाच्या चमच्यानं ढवळायचं, तशातला प्रकार. थेंबभरच, पण त्या नव्या रसायनाला थेंबभर सोडियमही पुरत होतं, एवढंच काय ते त्याचं वैशिष्ट्य. बाकी ते जुन्या गोळ्यांचं सख्खं भावंड. नवी जागा नाही, नवी तऱ्हा नाही, नवा रस्ता नाही. बिनसोडियमच्या अल्कलीची वेगळी बाटली कपाटात वरच्या फळीवर होती. काडेपेटीनं स्वतः केलं तेव्हा न बोलता, सवयीनं, तीच काढली होती.

आता इथं प्रयोगशाळेतल्या प्रत्येकानं कानावर हात ठेवायची तयारी केली. पण काडेपेटीला आधी एक कळायला हवं होतं. इतकी शिकलेली मुलगी, हे तुला समजलं कसं नाही, तिनं विचारलं. आवाज चढलेलाच होता.

"समजलं होतं. पहिल्याच आठवड्यात. मी विचारायला आले होते."

"कुणाला?"

"तुम्हाला, मॅडम. तुम्ही फोनवर होता, दवाखान्यातून फोन होता. मी म्हटलं, कोणती बाटली घेऊ? तुम्ही म्हणालात, तेवढंही मी सांगायचं का, डोकं घरी ठेवून येतेस का, मीटरशेजारची बाटली काय शोभेला ठेवलीये?"

काडेपेटीला यातलं काहीएक आठवत नव्हतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. असं वाक्य ती रोज कुणाला ना कुणाला म्हणायची. कुठलं कुठलं लक्षात ठेवणार?

"नंतर तरी बोलायचंस," ती म्हणाली.

हळूबाई टेबलाकडे बघत होती. "नंतर निकाल चांगला आला. तुम्ही खांद्यावर हात ठेवलात. तुम्ही पहिल्यांदाच माझ्याशी हळू बोललात."

काडेपेटी तिथून निघाली ती थेट संचालकांकडे. दार न वाजवता आत. झालेला प्रकार सांगितला आणि चाचणी थांबवा म्हणाली. संचालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, शरीरात सोडियम असतंच की, रक्त म्हणजे तरी काय, खारं पाणीच. मग तुमच्या बाटलीत ते थेंबभर होतं की नव्हतं, यानं रोग्याला काय फरक पडतो?

ऐकणाऱ्याला पटेल असंच बोलणं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचं बोलणं असंच गोड असतं. ती ओरडली, की फरक तोच तर आहे. सोडियमशिवाय धरतं म्हणून ते नवं होतं. नवं होतं म्हणून लोकांनी चालू गोळी सोडायला हो म्हटलं. आता ते नवं नाही. मग कशासाठी सोडायची त्यांनी गोळी, तुमच्या फोटोसाठी? गोळी सोडल्यावर माणसाचं काय होतं ते मी घरात बघितलंय, तुम्ही बघितलंय का? ती इतकी ओरडली की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. संचालकांनी उठून दार लावून घेतलं. चाचणीतच काय ते सिद्ध होईल, ते म्हणाले. आणि अगदीच मनाला लागत असेल, तर विद्यार्थिनीच्या हातून चूक झाली असं पुढेमागे छापता येईल, तुमच्या नावाला धक्का लागणार नाही. तुम्ही थकला आहात, आईंचं सगळं करता, चार दिवस रजा घ्या.

ती बाहेर आली तेव्हा जिन्यातला एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "आज काय, कुणाचं झाकण उघडं राहिलं वाटतं?" दुसरा हसला.

ती जिन्यात उभी राहिली. हसणाऱ्याच्या कानाखाली आवाज काढावा, असं तिच्या हाताला वाटलं. पण त्याचं काय चुकलं होतं? झाकणासाठी ती अशीच ओरडली होती. सुयांच्या खोक्यासाठी अशीच. चहात साखर जास्त पडली म्हणून अशीच. सगळा राग तिनं चिल्लर करून वाटून टाकला होता, आणि आज खरं काम पडलं, तर त्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. आता ती स्वतःवरच चिडली. मोठा राग, आणि फेकायला समोर आत्या नाही.

माणसांवरच्या चाचण्यांना परवानगी देणारी एक समिती होती, बाहेरच्या लोकांची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि सबंध वेळ सोडली नाही. आवाज चढू दिला नाही. निबंध मी मागे घेते आहे, ती म्हणाली, निकाल खोटा होता, पाण्यात सोडियम होतं. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, ही चूक कुणाची? तेव्हा काडेपेटी म्हणाली, "माझी. मी अशी प्रयोगशाळा चालवली, जिथं विचारायची भीती वाटते." चाचणी त्याच बैठकीत रद्द झाली. संचालकांनी तिच्याशी बोलणं टाकलं, आणि प्रयोगशाळेची जागा दुसऱ्या कुणाला देण्याची कुजबुज लगेच सुरू झाली. होऊ दे. तिला त्याचं काही वाटायला वेळच नव्हता. घरी आई होती.

दुपारी ती घरी आली तेव्हा आई खिडकीशी बसली होती आणि ती डबी मांडीवर होती. काडेपेटीनं चपलाही न काढता सांगून टाकलं. फिरवून सांगणं तिला येतच नव्हतं.

"म्हणजे मला मिळणार नाही?" आईनं विचारलं.

"कुणालाच नाही. ते नवं नव्हतंच, आई. आमची चूक झाली."

आईनं डबी खिडकीत ठेवली. उठली, पलंगावर गेली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

एवढी साठीला टेकलेली बाई, खांद्याची पिशवीही न उतरवता पलंगाच्या कडेला बसली आणि पाठीशी बोलायला लागली. पाणी, सोडियम, मीटरशेजारची बाटली, सगळं. हळूबाई विचारायला आली होती तेही. संचालक, जिना, समिती. बोलता बोलता तिचा राग पुन्हा वर आला, संचालकांवर, जिन्यातल्या माणसावर, आणि ती म्हणाली, तुझा दवाखान्यातून फोन आला होता गं तेव्हा, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, तुझ्यापायी मी...

पाठ हलली. आईनं कूस बदलली आणि उठून बसली.

"माझ्या नावावर खपवू नकोस," आई म्हणाली.

आईचा हा आवाज काडेपेटीनं या घरात कधी ऐकला नव्हता.

"तुझ्या आत्याला ग्लास मारलास, तेव्हा वाटलं लेक माझ्यासाठी भांडते. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मग तू सगळ्यांनाच मारत सुटलीस. फोनवर ओरडायचीस, दूधवाल्यावर ओरडायचीस, त्या पोरांवर ओरडायचीस. मी पडून होते, बहिरी नव्हते. ती पोर तुला नीट विचारायला आली आणि तू तिला फाडून खाल्लीस. आत्या तरी दुसरं काय करायची दारात उभी राहून?"

आत्याचं नाव काडेपेटीला वर्मी लागलं.

"आणि त्या पोरीची माफी मागितलीस?"

"समितीला सांगितलं मी, चूक माझी आहे म्हणून."

"समितीला नव्हे. तिला."

काडेपेटीनं मान खाली घातली. "तुझ्या औषधाची वाट बघत मी उठत होते," आई म्हणाली. "इतकी वर्षं. आता उद्या सकाळी कशाला उठू, ते सांग मला." आणि उत्तराची वाट न बघता ती पुन्हा भिंतीकडे वळली. संध्याकाळी जेवली नाही. काडेपेटी ताट घेऊन उभी राहिली, ताट परत नेलं, आणि त्या रात्री तिला ओरडायला कुणीही सापडलं नाही.

सकाळी तिला भांड्यांच्या आवाजानं जाग आली. आधी वाटलं शेजारचं असेल. पण आवाज घरातलाच होता. ती धावत स्वयंपाकघरात गेली. आई ओट्याशी उभी होती, केस मोकळे, आणि चहाचं पातेलं अशा जोरानं गॅसवर आदळत होती की वाटावं, त्याच्याशीच तिचं जन्माचं वैर आहे. टेबलावर ती डबी उघडी पडली होती. आईनं तिच्यात जुन्याच गोळ्या भरल्या होत्या, वारांप्रमाणे, आणि प्रत्येक खणाचं झाकण तिनं फाटकन दाबून लावलं.

"उठलीस?" काडेपेटी म्हणाली.

"उठेन नाही तर काय करीन? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माझं बोलणं संपलं नव्हतं कालचं. बस तिथं."

काडेपेटी बसली. आपली आई चिडली की कशी दिसते, हे तिला म्हातारपणी कळत होतं. राग म्हणजे काही बरं होणं नव्हे, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ट्रान्सपोर्टरचा जन्मभर अभ्यास केलेली बाई ती. उद्या, परवा, ही पाठ पुन्हा तिच्याकडे वळेल हेही तिला ठाऊक होतं. तरी ती हलली नाही. आई बोलत होती आणि ती ऐकत होती.

"औषध चुकलं तर पुन्हा कर," आई म्हणाली. "जागा काढून घेतली तर दुसऱ्याच्या दारात जाऊन कर. नीट कर. पण आधी फोन लाव त्या पोरीला."

"आत्ता? इतक्या सकाळी?"

"ओरडायला कधी घड्याळ बघितलंस?"

काडेपेटीनं फोन लावला. पलीकडून हळूबाईचं नेहमीचं हळू "हॅलो, मॅडम" आलं, आणि त्या हॅलोत भीती होती, ती तिला पहिल्यांदाच ऐकू आली. तिनं घसा साफ केला. काही तरी पुटपुटली, ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

समोर आईनं जुनी गोळी जिभेवर ठेवली, पाण्याच्या घोटाबरोबर गिळली, ग्लास टेबलावर आपटला आणि तोंड पुसलं.

"मोठ्यानं बोल," आई म्हणाली. "ओरडताना बरा फुटतो गं आवाज."